पळी खाली ठेवायची नाही

"मग महाराज, ते चमचे कुणाकडे असायला हवेत? तुम्हीच सांगा."

सुखगीर महाराज मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी सुपातून एक खडा वेचला आणि अंगणात भिरकावला.

"कसले चमचे?"

निवृत्ती शेडग्यानं डोळे मिटून घेतले. सगळी हकिकत त्यानं आत्ताच पहिल्यापासून सांगितली होती आणि महाराज मान डोलावत ऐकतही होते. पण हट्टाला पेटलेल्या माणसाला पुन्हा सांगायचा कंटाळा येत नाही. निवृत्ती घाट उतरून आला होता तोच मुळी निकाल घेतल्याशिवाय परत चढायचं नाही असं ठरवून.

त्यानं मांडीवरची लाकडी पेटी पुढे सरकवली आणि झाकण उघडलं.

आत निळी मखमल होती. मखमलीत खोबणी होत्या. मधल्या मोठ्या खोबणीत लांब दांड्याची, खोल वाटीची चांदीची पळी झोपली होती. बाकीच्या सगळ्या खोबणी रिकाम्या होत्या.

"ही इंग्रजी पळी. सूप वाढायची. विलायतेत घडलेली, दीडशे वर्षांपूर्वीची. हा दांड्यामागचा सिंह बघा, म्हणजे चांदी खरी. हे राजाचं मुंडकं, म्हणजे सरकारचा कर भरलेला. ह्या अक्षरावरून साल कळतं, आणि ही दोन अक्षरं कारागिराची. महाराज, एवढा पक्का पत्ता आपल्या माणसांचासुद्धा सापडत नाही!"

"आन् हा बगळा?"

"ते मूळ मालकाच्या घराण्याचं चिन्ह. चोचीत मासा धरलेला बगळा. सगळ्या जोडावर आहे. चमच्यांवरही."

"सगळीकडं सारखाच?"

"अगदी सारखाच... म्हणून तर म्हणतो, जोड फुटायला नको होता."

महाराजांनी पळी हातात घेतली नाही. नुसती वाकून पाहिली आणि पुन्हा सुपाकडे वळले.

निवृत्तीचं पाचगणीला जुन्या वस्तूंचं दुकान होतं. साहेबलोक बंगले सोडून मायदेशी निघाले, तेव्हा त्याच्या वडिलांनी एका लिलावात हा जोड उचलला. पुढे दुकानातली खुर्च्या-टेबलं गेली, घड्याळं गेली, आरसे गेले, पण ही पेटी म्हाताऱ्यानं कुणाला दिली नाही. दिवाळीत ती एकदा उघडायची. थोरल्या निवृत्तीनं पळी पुसायची, धाकट्या सोपाननं चमचे पुसायचे. मऊ फडकं, हलका हात. पुसून झालं की पेटी बंद. ह्या चांदीनं शेडग्यांच्या घरी कधी कुणाच्या पानात थेंबभर काही वाढलं नव्हतं.

वडील गेले आणि दुकान कसं चालवायचं यावरून भावाभावांचं बिनसलं. शब्दानं शब्द वाढला. सोपान घर सोडून निघाला, तेव्हा रागाच्या भरात एकानं पळी घट्ट धरली, दुसऱ्यानं चमचे उचलले. पेटी थोरल्याकडे राहिली. सोपान घाटाखाली येऊन लग्नकार्यात स्वयंपाक करू लागला आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

निवृत्ती मात्र रोज सकाळी दुकान उघडण्याआधी पेटी उघडायचा. रिकाम्या खोबणी बघायचा. पित्त खवळलं की झाकण आपटायचा. आपल्याला चमच्यांची आठवण येते, असं त्याला प्रामाणिकपणे वाटायचं. माणूस स्वतःला किती बिनबोभाट फसवतो!

"सोपान तुमच्या शब्दाबाहेर नाही," निवृत्ती म्हणाला. "दर पुनवेला इथं येतो, मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त म्हणा, चमचे दादाला देऊन टाक. मी फुकट मागत नाही. मागेल ती किंमत देतो."

"आन् त्यानं पळी मागितली तर?"

"पळी? ती कशी मागेल? थोरला मी आहे."

"बरं."

महाराजांनी आणखी एक खडा भिरकावला.

"हिनं वाढलंस कधी?"

"हिनं? छे हो! ही वाढायची वस्तू नाही."

"पळी हाय म्हणालास ना?"

"पळीच आहे, पण..."

"पण काय?"

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तो या एका पळीवर तासभर खिळवून ठेवायचा. इथं दोन शब्द जुळेनात, याचं त्यालाच नवल वाटलं.

"आज पुनव," महाराज म्हणाले. "दुपारी पंगत. आमटी तू वाढ. ह्याच पळीनं."

"महाराज, चिंचेनं, लसणीनं चांदी काळी पडते."

"मग राहू दे."

"तसं नाही... वाढली तर निकाल देणार?"

"मठाचा नेम एकच. वाढप्यानं एकदा पळी उचलली, की पंगत उठेस्तोवर खाली ठेवायची न्हाई. भुईला टेकली की खरकटी झाली. तेवढं जमलं तर निकाल देतो."

"एवढंच?"

"एवढंच."

निवृत्तीला हसू आलं. काळी पडली तर संध्याकाळी पुसून काढू, असा त्यानं हिशेब केला. उलट मनातून तो खूशच झाला. महाराज आपल्याला अडवायला काहीतरी अवघड उपास-तापास सांगतील अशी त्याला धास्ती होती.

"आजच्या आज निकाल?"

"पंगत उठल्यावर."

दुपारी मठाचं अंगण भरलं. गुराखी आले, घाटातले हमाल आले, वाटसरू आले, खालच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या नातवंडांना घेऊन आल्या. दोन्ही बाजूंनी पत्रावळी पडल्या. निवृत्तीनं बाह्या सरसावल्या, डाव्या हातात आमटीची बादली घेतली, उजव्या हातात पळी. आमटी चुलीवरच्या हंड्यातून तशीच ओतलेली, उकळीची होती. वाफेनं त्याचा चष्मा धुरकटला.

चष्मा निवळला तेव्हा समोर भाताची टोपली घेऊन सोपान उभा होता.

सोपान जाड झाला होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. हे केव्हा झालं, असं निवृत्तीच्या मनात आलं, पण तेवढ्यात त्याची नजर टोपलीत गेली आणि बाकी सगळं तो विसरला.

भातात त्या जोडातलाच एक इंग्रजी चमचा खुपसलेला होता. बगळा चोचीपर्यंत भातात बुडाला होता. चमच्यावर ओरखडे होते. भांडी खरवडून खरवडून त्याचं टोक एका बाजूनं झिजून गेलं होतं.

निवृत्ती टोपलीवर वाकला.

"अरे, हा चमचा..."

सोपाननं मान खाली घातली.

"भात पुढं, आमटी मागं," ओसरीवरून महाराजांचा आवाज आला. "कुणाचा भात कोरडा राहता कामा नये."

सोपान पुढे झाला. पानात भाताचा ढीग, चमच्याची पाठ भातात दाबून आमटीसाठी आळं, आणि पुढचं पान. निवृत्तीला त्याच्या मागे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भावाच्या हातचा भात, त्यावर आपल्या हातची आमटी. ज्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या मागोमाग वाकत जायचं. महाराजांनी बरोब्बर बेत केला होता, असं त्याला वाटलं आणि त्यानं दात खाल्ले.

पहिली काही पानं झोकात गेली. पळीची खोल वाटी नेमकी एक आळं भरत होती. एका हमालानं तर मान वर करून विचारलं, "शेठ, चांदीची हाय काय?"

"चांदीचीच," निवृत्ती म्हणाला, आणि पुढचं पान वाढताना त्यानं मनगट जरा जास्तच फिरवलं.

मग दांडा कोमट झाला.

निवृत्तीनं लक्ष दिलं नाही. आणखी थोडी पानं झाली आणि दांडा गरम झाला. त्यानं मूठ वर सरकवली. धग तिच्या मागोमाग वर आली. त्यानं मूठ आणखी वर सरकवली, अगदी बगळ्यावर नेली. आता वर दांडाच उरला नव्हता.

सिंहाचा अर्थ त्याला माहीत होता. राजाचं मुंडकं कशासाठी, हे माहीत होतं. चांदी आपल्याजवळ काही ठेवत नाही, आमटीतली सगळी धग आणून सरळ हातात देते, हे मात्र त्याला आज कळत होतं. लोखंडी पळी धरणाऱ्या कुठल्याही बाईला कधी असला प्रसंग आला नसेल.

त्यानं बादली भुईवर टेकवली, खिशातला रुमाल काढून दांड्याभोवती गुंडाळला. पळी बुडवली, तसा रुमालही आमटीत भिजला. आता ते उकळतं फडकं तळव्याला चिकटलं. त्यानं दातांनी ओढून रुमाल फेकून दिला.

ओसरीवर महाराज दिसत होते.

"जड झाली का रं?"

"नाही!"

निवृत्तीचा आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पानावरची माणसं वर बघू लागली. त्यानं पळी आणखी घट्ट धरली. हात जळाला तरी बेहत्तर, पण निकाल घेऊनच जाणार. पळी टाकली तर नेम मोडला. पडली तर वाटीला पोचा येणार. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते त्यानं खांद्याला पुसलं आणि पुढचं पान वाढलं. आमटी निम्मी आळ्यात गेली, निम्मी पत्रावळीबाहेर.

पुढे सोपान बराच लांब गेला होता. दोघांच्या मधे भाताचे कोरडे ढीग वाफाळत होते. माणसं पानावर हात आवरून बसली होती.

सोपाननं मागे वळून पाहिलं. टोपली घेऊन तो तसाच परत आला.

"दादा, आण हिकडं."

'दादा' ही हाक निवृत्तीच्या कानी इतक्या वर्षांनी पडली होती. मग त्यानं मान हलवली.

"खाली ठेवायची नाही."

"खाली कुठं ठेव म्हणतोय? माझ्या हातात दे."

निवृत्तीनं भावाच्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. हीच तर भीती होती. एकदा या हातात गेली की गेली. वडिलांच्या पश्चात त्यानं जे काही धरून ठेवलं होतं, त्यात आता ही एकच वस्तू उरली होती. तळवा आता नुसता जळत नव्हता, बधिर होत चालला होता. तरी बोटं सुटेनात.

"नको," तो म्हणाला. "मी पुरी करतो पंगत."

"दादा, हात भाजतोय तुझा."

"भाजू दे."

शेजारच्या पानावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर नात होती. नात भाताकडे हात नेत होती आणि म्हातारी तो मागे ओढत होती.

"आरं लेकरांनो," म्हातारी म्हणाली, "तुमचं काय आसंल ते आसू द्या. पोरीचा भात निवला की."

निवृत्तीनं पोरीकडे पाहिलं. तिच्या पानातल्या भाताला नीट आळं केलेलं होतं. रिकामं होतं. रोज सकाळी पेटीत बघावी तेवढीच ती खोबण होती, आणि ती रिकामी राहिली होती ती त्याच्यापायी. त्याला एकदम स्वतःची लाज वाटली.

"धर," तो म्हणाला.

बोटं आखडून गेली होती. सोपाननं एकेक करून ती सोडवली. पळी भुईला न टेकता एका हातातून दुसऱ्या हातात गेली. त्याच झटक्यात सोपाननं आमटीची बादली स्वतःकडे ओढून घेतली, भाताची टोपली निवृत्तीच्या डाव्या हातावर ठेवली आणि चमचा त्याच्या मुठीत दिला.

दांडा कोमट होता. सोपानच्या हाताची ऊब होती ती.

या चमच्यासाठी निवृत्ती घाट उतरून आला होता. आता तो हातात होता. पण सोपान पोरीच्या आणि पुढच्या कोरड्या पानांत भराभर आमटी वाढत निघाला होता, त्यामुळे चमचा बघत बसायला सवड मिळाली नाही. त्यानं पुढे होऊन चमचाभर भात घेतला आणि पहिल्या रिकाम्या पानात थापला. मागून सोपाननं आमटी वाढली. आमटी ढिगावरून घरंगळत पत्रावळीबाहेर गेली.

"आळं कर, दादा."

"कसं?"

"चमच्याच्या पाठीनं. हलकं दाब."

निवृत्तीनं दाबलं. झिजलेलं टोक भातात सहज शिरलं आणि गोल आळं पडलं. सोपाननं पळी ओतली. थेंबही बाहेर गेला नाही.

"हं," सोपान म्हणाला. "आता चल पुढं."

ते चालले. भात, आमटी. भात, आमटी. थोड्या वेळानं मागून सोपानचा श्वास तोंडानं आत ओढल्याचा आवाज आला. निवृत्तीनं न वळताच ओळखलं.

"आण इकडं."

"आसू दे. चालंल."

"आण म्हणतो ना! मघाशी मला शहाणपण शिकवत होतास."

पुन्हा टोपली तिकडे गेली, पळी आणि बादली इकडे आली. निवृत्तीनं डावा तळवा वापरून पाहिला, मग पुन्हा उजवा. फार वेळ धरवली नाही, पण आता त्यानं वाट पाहिली नाही. हात पोळला की मागे करायचा आणि भावानं घ्यायची, एवढाच नेम उरला. कोण आधी दमलं, कुणी किती पानं वाढली, याचं भान दोघांनाही राहिलं नाही. दुकानात दिडक्यांवरून भांडलेली ही माणसं!

रांगेच्या वळणावर सोपाननं विचारलं, "हात दाखव बरं."

"कशाला?"

"फोड आलाय का बघू."

"आलाय. तुलाही येईल."

"मला आलाय की."

निवृत्तीला हसू फुटलं. सोपानही हसला. त्या हसण्यात पळी हलली आणि थोडी आमटी निवृत्तीच्या धोतरावर सांडली. दोघंही वडिलांसारखे हसतात, हे त्या पंगतीत फक्त म्हातारीच्या ध्यानात आलं असेल, कारण ती त्या दोघांच्या वडिलांना ओळखत होती. पण ती जेवत राहिली.

पंगत उठली.

पत्रावळी गोळा झाल्या, अंगण शिंपडलं गेलं. निवृत्ती ओसरीपाशी जाऊन उभा राहिला. सोपान त्याच्या मागे उभा होता. पेटी सकाळपासून तशीच उघडी पडली होती. मधली मोठी खोबणही आता रिकामी होती.

महाराज भिंतीला टेकून बसले होते.

"महाराज, पंगत उठली. पळी खाली ठेवली नाही."

"बघितलं."

"मग..."

सकाळपासून जिभेवर घोळलेला शब्द होता तो. निकाल. निवृत्ती तो मागायला ताठ उभा राहिला होता. एवढं सोसल्यावर मागायचा त्याला हक्कही होता. त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि सवयीनं हातातल्या पळीकडे पाहिलं.

हातात पळी नव्हती. झिजलेल्या टोकाचा चमचा होता, दुसऱ्या हातावर टोपली होती. पळी मागे सोपानच्या हातात होती. शेवटची केव्हा दिली, ते त्याला आठवेना.

त्यानं मागे पाहिलं. सोपान पळीच्या दांड्यावर फुंकर घालत होता.

"मग काय?" महाराजांनी विचारलं.

"मग... चमचे..."

निवृत्ती थांबला.

महाराज त्याच्याकडे बघत नव्हते. ते अंगणाकडे बघत होते. उशिरा आलेली माणसं ओल्या भुईवर रांगेत बसत होती. कुणी पुढ्यात पत्रावळ ओढून घेत होतं, कुणी तिच्याभोवती पाणी फिरवत होतं.

"दुसरी पंगत बसलीया," महाराज म्हणाले. "भात कुणाकडं हाय?"